गावचं मेहूण आणि परदेशी लफडं

आमच्या गावात मेहूण म्हणजे आम्ही. मी आणि आमची शरयू. कुणाचा कुलधर्म असो, नवस असो की धोंड्याचा महिना असो, जिथे म्हणून एका नवरा-बायकोच्या जोडीला पाटावर बसवून, कुंकू लावून, पोटभर जेवू घालायचं पुण्य पदरात पाडून घ्यायचं असतं, तिथला पहिला निरोप आमच्या घरी येतो. गावाने आम्हाला उगीच निवडलेलं नाही. मी शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर, त्यामुळे भर दुपारी रिकामा सापडतो. शरयू कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. शिवाय आमच्या घरातून भांडणाचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही. यात माझं कर्तृत्व फारसं नाही. भांडायला दोन माणसं लागतात आणि त्या वेळी मी पेपर वाचत असतो.

गाव संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी. नाव सांगत नाही, कारण या प्रकरणानंतर गावाने तशी विनंती केली आहे.

यंदा अधिक महिना नेमका जेठात आला. बाहेर कावळा उडत नव्हता, पण आमची महिनाभराची जेवणं चैत्रातच ठरून गेली होती. आज माझा जुना विद्यार्थी कुलदीप याच्याकडे धोंडे, उद्या पोलीस पाटलाकडे अनारसे. माझं धोतर धुऊन वाळत असायचं आणि मी तृप्त मनाने झोपाळ्यावर असायचो. अशा वेळी शंतनूचा फोन आला. शंतनू म्हणजे शरयूच्या बहिणीचा मुलगा. मुंबईत परदेशी सिनेमांना आपल्या भाषेतले आवाज देण्याच्या धंद्यात असतो.

"काका, एक सिनेमा वऱ्हाडीत करायचाय. मोबाईलवर येणार आहे. कंपनीला अस्सल पाहिजे. संवाद तुम्ही लिहा, आणि नमुन्यादाखल तुम्ही आणि मावशीच आवाज भरून पाठवा. खरेखुरे नवरा-बायको असले की जाहिरातीलाही बरं."

"विषय काय आहे?" मी विचारलं. मास्तर माणसाने हे विचारावंच लागतं.

"कौटुंबिक आहे," तो म्हणाला. "म्हणजे दोन कुटुंबं आहेत."

आम्ही पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून सिनेमा पाहिला. कुटुंबं दोन होती हे खरं, पण कोण कुठल्या कुटुंबातलं हे अर्ध्या सिनेमापर्यंत त्यांचं त्यांनाही नक्की नव्हतं. एक विवाहित पुरुष दुसऱ्याच्या बायकोसाठी वेडा झालेला. ती बाई त्याच्यासाठी वेडी. तिचा नवरा संशयाने वेडा, आणि या पुरुषाची बायको तेवढी शहाणी, तर ती दारू प्यायची. समुद्रकाठचं घर, हवा चांगली गार असावी, पण कुणाच्याही अंगावर कपडा म्हणून टिकत नव्हता. तसला प्रसंग आला की मी आढ्याकडे बघायचो. आमच्या आढ्याला दोन ठिकाणी वाळवी लागली आहे, हे मला त्या दिवशी समजलं. शरयू मात्र लसूण सोलत शांतपणे पाहत होती.

सिनेमा संपल्यावर मी निक्षून सांगितलं, "हे आपल्याकडून होणार नाही."

"बाई काम छान करते हो," शरयू म्हणाली.

"ही बाई?"

"तिला काय पाहिजे ते तिला सांगता येत नाही, आणि तिच्या नवऱ्याला विचारायचं सुचत नाही. दोघांचं तेवढंच तर आहे." तिने लसणाची टरफलं पदरातून झटकली. "मी म्हणणार आहे तिचं बोलणं."

शरयू मलकापूरची. कॉलेजात असताना नाटकात काम करायची, आणि ती स्टेजवर आली की कापसाच्या बाजारातले दलालसुद्धा गप्प व्हायचे असं माझे सासरे सांगत. लग्नानंतर त्या आवाजाला आमच्या घरात काही काम निघालं नाही. आरती, आणि गच्चीवरच्या माकडांना हाकलणं, एवढंच. हे तिने तक्रारीच्या सुरात कधी म्हटलं नाही, आणि त्या दिवशीही म्हटलं नाही, म्हणून मला ते जास्त लागलं. मी होकार दिला. अट एकच घातली: गावात कुणाला कळता कामा नये. वर्गात ज्यांना संस्कार शिकवले ती पोरं आता बाप झाली होती, आणि त्या सर्वांच्या खिशात मोबाईल होते.

लिहायला बसलो. जन्मभर पोरांच्या वह्यांतलं 'मले' खोडून 'मला' केलं, ते आता स्वतःच्या हाताने परत 'मले' करताना पेन अडखळायचं. शंतनूने नावंही आपल्याकडची घ्यायला सांगितली होती. नायक हर्षल झाला, नायिका रेवती. नायकाच्या बायकोचं नाव सुचेना. तेवढ्यात अंगणवाडीच्या छायाबाई खिडकीखालून लसीकरणाची दवंडी देत गेल्या आणि मी 'छाया' लिहून टाकलं. लेखकाचं असंच होतं, आजूबाजूचं नकळत उतरतं. आणखी एक बदल मी स्वतःच्या अकलेने केला. मूळ सिनेमात ती बाई समुद्रात जीव देण्याची धमकी देते. वऱ्हाडात समुद्र कुठला आणायचा? मी विहीर केली. हा बदल मला त्या वेळी फार कलात्मक वाटला होता.

आवाज भरायला मधली खोली ठरली. शंतनूने सांगितलं होतं की भिंतींना जाड कपडा लावा, म्हणजे आवाज घुमत नाही. आम्ही घरातल्या सगळ्या गोधड्या आणि रजया दोरीवर टांगल्या. कूलर घरघर करतो म्हणून बंद, पंखा कुरकुर करतो म्हणून बंद. दुपारची वेळ घेतली, कारण तेव्हा गाव झोपलेलं असतं. जेठातली दुपार, चारी बाजूंनी रजया, दार बंद. त्या खोलीत वासना उत्पन्न होणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य होतं, पण संवाद तर म्हणायचेच होते. मी बनियनवर, शरयूच्या खांद्यावर ओला पंचा, आणि मधे स्टुलावर मोबाईल.

"रेवती, तुह्याशिवाय मले जगता येत नाही," मी म्हणायचो.

"मंग छायाले सोड," शरयू म्हणायची. "नाही तं मी इहिरीत जीव देतो पाय!"

ती हे असं काही म्हणायची की पहिल्या वेळी मी खरोखर दचकून "अगं, अगं" म्हणालो आणि तो तुकडा वाया गेला. शंतनूचं उत्तर त्याच दिवशी आलं. "मावशी, एक नंबर! अंगावर काटा आला. काका, तुम्ही... काका, तुम्ही हजेरी घेताय असं वाटतं. जरा जीव ओता." मी जीव ओतला. दुसरं उत्तर आलं की आता हजेरी नाही वाटत, शुद्धलेखन घालताय असं वाटतं. माझ्या वाचनावर शिक्षणाधिकारी खूष असत, हे त्या पोराला कोण सांगणार?

आता आमच्या मधल्या खोलीची एक भिंत रंगरावांच्या घराशी सामायिक आहे, ही गोष्ट मी विसरलो नव्हतो. पण रंगराव दुपारी मिरचीच्या वावरात असतात अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वावरात ऊन फार म्हणून ते महिनाभर घरीच, त्याच भिंतीला पाठ लावून, गारव्याला पडून होते. भिंतीतून माणसाचा सूर कळत नाही, शब्द तेवढे कळतात. रंगरावांना नेमके नको ते शब्द कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आमच्या परसातल्या विहिरीवर बाभळीच्या काट्यांच्या फांद्या, आणि वर रंगरावांची खाट आडवी टाकलेली.

"रंगराव, हे काय?"

"काही नाही गुर्जी, असंच. सरपन वाळू घातलं." त्यांनी माझ्याकडे फार कळवळून पाहिलं. मग कुंपणाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "गुर्जी, लहान तोंडी मोठा घास घेऊन राह्यलो, पन ह्या वयात मानसानं कांदा कमी खावा. लय गरम असते कांदा."

मी कांदा खातच नाही, असं सांगितलं. त्यावर त्यांनी "मंग तं आखीनच कठीन हाय," असं म्हणून सुस्कारा टाकला आणि ते गेले.

याच सुमारास कंपनीचा निरोप आला की तुम्ही खरे नवरा-बायको असल्याचा कागद पाठवा. आम्ही गावचं मेहूण, आमच्याकडे कागद मागतात! मी ग्रामसेवकाकडे गेलो. ते म्हणाले लग्न मलकापूरला लागलं ना, मग नोंद तिकडची. मलकापूरला गेलो. तिथले साहेब म्हणाले, त्या काळची नोंद कोण करत होतं, तुम्ही जिथे राहता तिथून आणा. लग्नाचा फोटो चालेल का विचारलं, तर चालेल म्हणाले. पण आमच्या एकुलत्या एका फोटोत माझं तोंड मुंडावळ्यांत आहे आणि शरयूच्या तोंडापुढे तिच्या मावशीचा हात आलेला आहे. पुरावा म्हणून तो मावशीच्या हाताचा आहे. शेवटी कुणीतरी सांगितलं की संग्रामपूरला तहसिलीसमोर प्रतिज्ञापत्र करून घ्या.

तहसिलीसमोरच्या लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या गृहस्थाने आम्हा दोघांना पाहून कागद आपणहून यंत्रात सरकवला आणि विचारलं, "फारकत ना?"

"नाही हो, आम्ही लग्न झालेले आहोत."

"त्याशिवाय फारकत होतच नाही," तो म्हणाला.

त्याला समजावून सांगता सांगता माझा आवाज चढला. शरयूच्या डोळ्यांत उन्हाने पाणी येतं, ते तिने पदराने टिपलं. बरोबर त्याच वेळी, बाजारात मिरची विकायला आलेले रंगराव रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभे होते. प्रतिज्ञापत्र झालं, पण आम्ही गावात परतण्याच्या आधी बातमी परतली होती.

आणि मग पाट रद्द होऊ लागले. प्रथम पोलीस पाटलाच्या घरून निरोप आला की सोयऱ्यात सुतक निघालं. दुसऱ्यांकडचा गॅस संपला. तिसऱ्यांच्या जावयाने अचानक धोंडे वर्ज्य केले. मी भोळेपणाने सगळ्यांना 'हरकत नाही' म्हणत गेलो. पण एका दुपारी ओसरीवर उभा असताना समोरून एक जोडपं नवी टोपी घालून आणि नवं लुगडं नेसून कुलदीपच्या घराकडे मेहूण म्हणून जाताना दिसलं. हे तेच जोडपं, ज्यांनी मागच्या दिवाळीत एकमेकांवर भर चौकात पातेली फेकली होती. त्यांना आमच्या पाटावर! मला भूक नव्हती असं म्हणणार नाही. पण त्या क्षणी जे दुखलं ते पोट नव्हतं. इतकी वर्षं लोकांनी आमच्याकडे बघून 'जोडा असावा तर असा' म्हटलं, आणि तो जोडा मोडला हे गावाने आम्हाला न विचारता ठरवूनही टाकलं होतं.

सरस्वतीबाई, म्हणजे रंगरावांच्या पत्नी, दारामागे शरयूला सल्ला देताना मी स्वतः ऐकलं. "वैनी, मानसाची जात म्हनजे मांजरावानी. दूध घरचं नाही भेटलं का दुसऱ्याच्या चुलीजवळ जाते. त्याईले आवडीचं करून घालत जा. आन् काही झालं तरी इहिरीकडे जाऊ नोका माय."

"विहिरीकडे कशाला जाईन मी?" शरयूने विचारलं. त्यावर सरस्वतीबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या. शरयूने मला नंतर सांगितलं की तिला हसू आवरेना म्हणून तीही त्यांच्या खांद्यावर तोंड लपवून हुंदके देत राहिली. गावात त्याचा अर्थ जो व्हायचा तोच झाला.

कळस केला तो छायाबाईंनी. भर बारा वाजता, छत्री घेऊन, त्या आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. या बाई बोलायला लागल्या की लस न टोचताच पोरं रडतात.

"गुर्जी, तुमी माह्यासाठी बायकोले सोडून राह्यले म्हनते गाव. खरं का खोटं ते आत्ताच सांगा. मले मंगळवारी लसीकरन हाये, माह्याजवळ वेळ नाही."

"बाई, गैरसमज आहे," मी कसाबसा बोललो.

"कोनाचा? गावाचा का तुमचा?"

खरं सांगावं तर सिनेमा बाहेर पडतो. न सांगावं तर छायाबाई गळ्यात पडतात. मी घाम पुसत उभा राहिलो. शरयू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, छायाबाईंना बसवलं आणि म्हणाली, "दोन दिवस थांबा, छायाबाई. मग सगळं सांगते." तिचा चेहरा पाहून छायाबाई पाणी प्यायल्या आणि थांबायला तयार झाल्या.

दोन दिवस थांबावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी तंटामुक्ती समितीचं बोलावणं आलं. समितीचे अध्यक्ष उकंडराव. अध्यक्ष झाल्यापासून त्या बिचाऱ्यांना एकही धड तंटा मिळाला नव्हता, कारण बांधाची भांडणं परस्पर तहसिलीत जायची आणि बाकीची पारावर मारामारी करून मिटायची. आमचा तंटा ऐकून त्यांनी कपाटातून इस्त्रीचे कपडे बाहेर काढले. मारुतीच्या सभामंडपात सतरंजी, पाण्याची कॅन, माईकसुद्धा. सगळं गाव आलं होतं. ज्यांच्या सुतकाने आमचं जेवण रद्द झालं होतं ते पोलीस पाटीलही पहिल्या रांगेत होते.

"गुर्जी," उकंडराव माईकमध्ये म्हणाले, "तुमी आमाले शिकोलं. तुमच्या घरातली भानगड चवाट्यावर यावी असं कोनाले वाटत नाही. म्हनून आपन इथं मिटवून टाकू. रंगराव, तुमी काय आयकलं ते सांगा."

रंगराव उभे राहिले. डोळे पाणावलेले. "आयकाले नको होतं, पन भिंतीतून येऊन राह्यलं होतं. गुर्जी म्हने, छायाले सांगू नको. वैनी म्हने, छायाले सोड, नाही तं इहिरीत जीव देतो. आन्..." त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. "आन् वैनी गुर्जीले 'तू' म्हनत होत्या."

सभामंडपात हलकल्लोळ झाला. विहीर, छायाबाई, फारकत, हे सगळं गावाने पचवलं होतं. पण शरयूने मला 'तू' म्हणणं कुणालाच पचेना. मागून एक म्हातारी "बाप्पा बाप्पा बाप्पा!" करत राहिली.

मी मान खाली घातली. अब्रू दोन्हीकडून जाणार होती, फक्त कुठल्या दाराने पाठवायची ते ठरवायचं होतं. लफडेबाज म्हणवून घ्यावं की असल्या सिनेमाचा मास्तर म्हणून? मी मनात लफड्याकडे झुकत होतो. त्यात निदान पुरुषार्थ तरी होता.

तेवढ्यात शरयू उठली आणि तिने सरळ माईक घेतला.

"ते आम्ही सिनेमातलं बोलणं म्हणत होतो. परदेशातला सिनेमा आहे, त्याला आपल्या बोलीत आवाज द्यायचाय. मी त्यातल्या बाईचा, हे त्यातल्या माणसाचा. छाया सिनेमातली आहे, विहीर सिनेमातली आहे, आणि 'तू' पण सिनेमातलाच आहे."

"कसा शिनेमा हाये वैनी?" उकंडरावांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता. हातातला तंटा निसटत होता.

"वेड्या प्रेमाचा आहे. कपडे कमी आहेत. मला करावासा वाटला, मी यांना तयार केलं. यात लाज वाटण्यासारखं काही केलेलं नाही."

एवढं स्वच्छ मला जन्मात बोलता आलं नसतं. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि आपण लफड्याकडे झुकत होतो याची थोडी शरमही वाटली.

"बोलाले काय जाते? परमान पायजे," उकंडराव म्हणाले. "तुमी म्हनून दाखवा. इथंच. दोघंबी."

असा प्रसंग माझ्या वैऱ्यावरही न येवो. मारुतीच्या पुढ्यात, सबंध गावासमोर, मी माईक धरला आणि म्हटलं, "रेवती. तुह्याशिवाय. मले जगता येत नाही. तुह्या अंगाचा वास. माह्या उशीले येते." जीव ओतून म्हटलं, हे मी शपथेवर सांगतो.

मग छायाबाई उठल्या. "उकंडरावजी, गुर्जी निर्दोष हायेत," त्या म्हणाल्या. "असं बोलून कोनती बाई फसंन?"

गाव हसलं. रंगराव तर मांड्या थापटून हसले. "हो बाप्पा, हे तं पाढे म्हनल्यावानी झालं!" असं पोलीस पाटलांनी सर्वांच्या वतीने जाहीर केलं. म्हणजे माझी सुटका माझ्या नालायकपणामुळे झाली होती. आनंद मानावा की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आता वैनी," कुणीतरी ओरडलं.

शरयूने माईक खाली ठेवला. तिला त्याची गरज नव्हती. "मी घर सांभाळलं," ती म्हणाली, "मानसं सांभाळले, आल्यागेल्याचं केलं. पन माह्या जिवाले काय पायजे हे मले कोनी कवा इचारलंच नाही. तू इचारलं. आता मले माघारी कसं जाता येईन?"

कुणी हसलं नाही. सरस्वतीबाई मान वळवून रंगरावांकडे बघत राहिल्या. ते वाक्य मीच लिहिलं होतं, परदेशी बाईचं म्हणून, मोबाईलच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी पाहून पाहून. पण ऐकलं मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा.

समितीने 'तंटा आढळला नाही' असा ठराव केला आणि जेवणाची बोलावणी रात्रीच्या आत परत सुरू झाली. गावाचं सुतक एका दिवसात फिटलं, गॅस भरून आले. उकंडरावांना मात्र आता श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सरस्वतीबाईंनी घरी गेल्या गेल्या रंगरावांना विचारलं होतं, "तुमी मले कवा इचारलं?" तसंच घरोघरी विचारलं गेलं. खुद्द उकंडरावांच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही असं ऐकतो. रंगराव एका संध्याकाळी वांग्यांची टोपली घेऊन आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "गुर्जी, एकदोन वाक्य लिहून द्या न. पन तुमच्यावानी म्हनाचं नाही बरं, कसं म्हनाचं ते वैनीले इचारून सांगा."

आमच्यापुरतं सगळं असं गोडीगुलाबीत चाललं असताना शंतनूचा फोन आला. कंपनीला मावशीचा आवाज फार आवडला होता. नागपूरला स्टुडिओ ठरला होता.

"आणि माझा?" मी विचारलं.

"काका, संवाद तुमचेच राहणार, नाव मोठ्या अक्षरात. आवाज नागपूरच्या एका मुलाचा घेतलाय. प्रज्वल म्हणून आहे. रेडिओवर असतो."

मी "छान, छान" म्हणालो. शरयू लगेच म्हणाली, "मग मी नाही जात. दोघांचं ठरलं होतं." तिने ते इतक्या सहज म्हटलं आणि इतक्या पटकन ताटं घ्यायला वळली, की तिला जायचं किती मनात आहे ते मला पाठमोरं कळलं. मीच तिला मलकापूरहून गाडीत बसवलं आणि मीही बसलो. पिशव्या धरायला कुणीतरी लागतंच, असं मी डब्यात सगळ्यांना सांगितलं.

स्टुडिओत काचेच्या आत शरयू, कानांवर ते जाड यंत्र. प्रज्वलने त्याचं बोलणं आधीच भरून ठेवलं होतं. बाहेर मला ते ऐकू येत होतं. आवाज खरंच सुंदर होता. तो "रेवती" म्हणाला आणि मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. तो "तुह्या अंगाचा वास" म्हणाला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. अक्षर न् अक्षर माझं, बायको माझी, आणि मधे हा कोण? सिनेमातला तो नवरा दारं आपटत का फिरत होता, ते मला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण शरयूला जमेना. ती चुकायला लागली. वाक्य सपाट पडायचं. परत, परत. रेकॉर्डिंगवाला वैतागला नाही, भला माणूस होता, पण घड्याळ बघू लागला. शेवटी शरयूने काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्याला काहीतरी सांगितलं.

तो बाहेर आला. "सर, तुम्ही आत जाऊन त्यांच्या समोर उभे राहा. फक्त उभे राहा. एक शब्द बोलायचा नाही, हलायचं नाही. जमेल?"

जन्मभर बडबड करून पोट भरलेल्या माणसाला हे विचारत होते. मी आत गेलो. दार बंद झालं, बाहेरचा आवाज तुटला. प्रज्वल तिच्या कानात काय म्हणत होता ते मला ऐकू येत नव्हतं. मला फक्त शरयू दिसत होती. लाल दिवा लागला. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. "मी अंधारात माळवदावर उभी राहून तुही वाट पाहिली. तू दुसऱ्याचा झाला तरी मी तुहीच राहीन. मले जगाची भीती वाटत नाही, तुह्या गप्प राहण्याची वाटते." ते सगळं तिने मला 'तू' म्हणून, माझ्या तोंडावर सांगितलं. मी हू का चू केलं नाही. नाकाला खाज सुटली ती सोसली. डोळे भरून आले ते पुसले नाहीत, कारण हलायचं नव्हतं.

लाल दिवा विझला. काचेपलीकडे त्या माणसाने दोन्ही अंगठे वर केले. शरयूने कानावरचं यंत्र काढलं, केस सारखे केले आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, पाणी द्या ना जरा."

बाटली माझ्याच हातात होती. पण मी झाकण उलटंच पिळत होतो, ते काही केल्या उघडेना. शेवटी तिनेच ते उघडलं, आधी मला पाजलं, आणि मग ती प्यायली.